अप्पा व्यायामाचे व्हिडिओ बघतात. पडून.

टॉवेलवाला | सोमवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. वर्षभर एक प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हटलं इथे टाकावा.

माझे वडील, अप्पा, वय ७३. सोलापुरात विजापूर रोडला राहतात, मी पुण्यात. तरुणपणी ते मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. मिल बंद पडल्यावर पूर्व भागात एका टॉवेलच्या कारखान्यात वीस वर्षं देखरेख केली. जन्मभर सायकल. आता सायकल जिन्याखाली उभी आहे आणि तिच्या कॅरियरवर आईच्या पापडांची चटई असते. अप्पा दिवसभर दिवाणावर.

कोरोनात मी त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. म्हटलं यूट्यूबवर बघून थोडा व्यायाम करतील. बघतात हो. सकाळी सहापासून बघतात. गुडघेदुखी कायमची पळवा, साठीनंतरचे पाच व्यायाम, प्राणायाम, कुणी चिनी आजोबा बागेत संथपणे हात फिरवतायत, सगळं. पण पडून. मग तेच मला पाठवतात, खाली लिहून: "तू बसून काम करतो, कर." काल एका दिवसात अकरा आले.

आईला गुडघ्यांचा त्रास आहे, तरी ती देवळापर्यंत जाऊन येते. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा अप्पांना दिवाणावरून उठताना दोन्ही हात टेकावे लागले. पहिल्यांदा लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा बघितलं आणि पोटात गोळा आला.

तर विचारतो: टीव्ही, रेडिओ, मोबाइल, घड्याळ, व्हॉट्सॲप, यांतल्या कशाने तुमच्या घरातलं म्हातारं माणूस खरोखर उठून उभं राहिलं? "प्रेमाने समजावून सांगा" सोडून काहीही सुचवा. समजावून झालंय.

शेंगाचटणी | सोमवार, रात्री १०.५०

अकरा व्हिडिओ पाठवले म्हणजे अंगठ्याचा तरी व्यायाम झाला की बे.

अनघा_के | सोमवार, रात्री ११.१५

आमच्याकडे पावलं मोजणारं घड्याळ आणलं होतं सासूबाईंना. पहिल्या आठवड्यात रोज नऊ हजार, दहा हजार. मी आणि नवरा खूश, नणंदेला फोटो पाठवले. मग एका दुपारी कळलं, घड्याळ नातवाच्या मनगटावर आणि नातू गल्लीत क्रिकेट खेळतोय. त्याला रोज पाच रुपये मिळायचे.

त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हाला आकडा पाहिजे होता, आकडा दिला." यावर काय बोलणार?

उंटावरून_शेळ्या | सोमवार, रात्री ११.३१

माझं मत वेगळं आहे, राग नसावा. जो माणूस मिलमध्ये उभ्याने पाळ्या करून आला, त्याला ७३ व्या वर्षी बसावंसं वाटलं तर बसू द्या की. आपण पुण्या-मुंबईत बसून त्यांच्या पावलांचा हिशेब ठेवायचा, हे काळजीपेक्षा देखरेखीसारखं वाटतं. देखरेख त्यांनी वीस वर्षं दुसऱ्यांची केली, आता त्यांची कोण करणार?

कडक_भाकरी | मंगळवार, सकाळी ७.०५

उंटावरून, तुमचं बोलणं अर्धं पटलं.

माझी आई विडी कामगार. पूर्व भागातलं आमचं तेलुगू घर. चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन बसली. हजार विड्यांचे पैसे, त्यामुळे पाय मोकळे करायला उठलं की हात थांबले, हात थांबले की पैसे थांबले. तिच्या लेखी फिरायला जाणं म्हणजे रिकामटेकड्या बायकांचं काम. बागेत हात हलवत चालणाऱ्या बायका बघून ती अजून हसते. पण गंमत अशी की ती दमली ती बसून बसूनच. म्हणजे "जन्मभर राबली, आता बसू दे" हे तिला म्हणता येत नाही. बसून राबली ना.

तिला उठवलं टीव्हीने. संध्याकाळी तिच्या दोन तेलुगू मालिका असतात. मी एकच अट घातली: मालिका बसून बघ, जाहिरात लागली की उभी राहा. काही करू नको, नुसती उभी राहा. आठवड्याभराने उभं राहून कंटाळा यायला लागला तेव्हा म्हटलं, बस आणि परत ऊठ. आता जाहिराती लागल्या की खुर्चीला न धरता आठ-दहा वेळा उठ-बस करते आणि सोबत नायिकेच्या सासूला शिव्या घालते.

शेंगाचटणी | मंगळवार, सकाळी ७.२०

नियमाने चॅनलला तासाला १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन मालिका धरल्या तर दहा-बारा मिनिटं झालीच. आजवर जाहिरातींना शिव्या घातल्या, माफी मागतो.

फिजिओताई | मंगळवार, दुपारी २.१०

दोन पेशंटांच्या मधल्या वेळेत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

कडक_भाकरी, तुमच्या आईला माझ्याकडून शंभर मार्क. खुर्चीतून न धरता उठणं हा उतारवयातला सगळ्यात कामाचा व्यायाम. संडासातून उठणं, रिक्षातून उतरणं, सगळं त्यावरच अवलंबून.

टॉवेलवाला, दोन्ही हात टेकून उठणं तुम्ही बरोबर हेरलंत, मांड्यांची ताकद गेल्याची ती खूण आहे. घरी एक चाचणी करा. भिंतीला टेकवलेली खुर्ची, बिनहाताची. (प्लास्टिकची खुर्ची फरशीवर मोकळी ठेवून हे अजिबात करू नका, सरकते. माझ्याकडे असा एक खुबा आलेला आहे.) हाताची घडी छातीवर. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका जास्त धरतात. शेजारी कुणीतरी उभं राहा.

आता व्हिडिओंबद्दल. मला अप्पांची बाजू घ्यायची आहे. ते व्हिडिओ त्यांच्यासाठी बनवलेलेच नसतात. दाखवणारी मुलगी पंचविशीची, घोट्यापासून कानापर्यंत रबर. मागे ढॅणढॅण संगीत. वय झालं की उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात, त्यात मागे वाद्यं असली की शब्द नुसते पुटपुटल्यासारखे लागतात. फोन टेबलावर आडवा, डोळ्यांवर दोन नंबरांचा चष्मा, मान खाली, आणि ती म्हणते एका पायावर उभे राहा! मीसुद्धा पडून बघितलं असतं.

त्यामुळे व्हिडिओच वापरायचा तर तो टीव्हीवर लावा, डोळ्यांच्या उंचीवर. यूट्यूबमध्ये वेग ०.७५ करता येतो, तो करा. संगीत नसलेला निवडा. आणि तोल सांभाळण्याचे प्रकार स्वयंपाकाच्या ओट्याला धरून. ओटा हलत नाही, टेबल हलतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे. शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सुधारणारे. आपल्याकडे सगळा भर पहिल्यावर, म्हणजे चालण्यावर. तोलाचं कुणी बोलतच नाही, आणि माणसं येतात ती पडून हाड मोडल्यावर. २०१९ साली अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या एका मोठ्या आढाव्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. एखाद्या गोळीने एवढं केलं असतं तर आपण रांग लावली असती.

उंटावरून_शेळ्या | मंगळवार, दुपारी २.४०

फिजिओताईंपुढे आमची काय मजल. पण मूळ मुद्दा सोडत नाही: "पाहिजे" कुणाला, त्यांना की आपल्याला? अनघा_के यांच्या सासूबाईंनी आकडा दिला ना, तेच माझं म्हणणं.

स्टेथो | मंगळवार, रात्री ९.३०

त्या आकड्याचं एकदा काय ते मिटवू. दहा हजार पावलं हा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला आकडाच नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं. तिथून तो जगभर पसरला. २०१९ चा एक अमेरिकन अभ्यास आहे, सोळा हजारांवर स्त्रिया, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. दहा हजारांसाठी नातवाला लाच देण्याची गरज नाही.

घड्याळ घालणाऱ्यांसाठी आणखी एक. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, नाडी वाढू देत नाहीत. मग घड्याळ सांगतं "अजून जोर लावा" आणि म्हातारा माणूस इमानेइतबारे लावतो. घड्याळाला गोळी माहीत नसते. त्यापेक्षा साधी पारख: चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे. छातीत दडपण, घेरी, जबडा किंवा हात दुखणं, यांपैकी काही झालं तर थांबायचं आणि दाखवायचं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी फिरायला जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, खिशात साखर ठेवा.

आणि "रोज २०० टाळ्या वाजवा, हृदयातले ब्लॉकेज उघडतील" हा निरोप मला आजही तीन पेशंटांनी दाखवला. टाळ्यांनी ब्लॉकेज उघडत नाहीत. वाजवायला हरकत नाही, शेजाऱ्यांना विचारा.

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री ९.४१

टाळ्या 👏👏 (२ झाल्या, १९८ बाकी)

निवृत्त_मास्तर | बुधवार, पहाटे ५.१२

धागा काल वाचला. मी स्वतः ७४ वर्षांचा आहे, म्हणजे ज्यांच्याविषयी आपण सर्व चर्चा करीत आहात त्यांच्यापैकी एक. "म्हातारं माणूस उठवणे" हा शब्दप्रयोग वाचून करमणूक झाली. जनावर आहोत काय?

आता आमची बाजू. आम्ही सातजण रोज हुतात्मा बागेकडे जमतो. आमचा व्हॉट्सॲपचा गट आहे. त्यावर एकच नियम: सकाळी घरातून निघताना "निघालो" एवढेच लिहायचे. सुविचार नाही, फुले नाहीत, राजकारण तर नाहीच. जो "निघालो" लिहीत नाही त्याला साडेसहाला फोन जातो. व्यायामासाठी नव्हे, बरा आहे ना हे विचारण्यासाठी. आमच्यातला एकजण एकटा राहतो. एकदा त्याने फोन उचलला नाही, आम्ही घरी गेलो. तो न्हाणीघरात पडलेला होता. सुदैवाने हाड मोडले नव्हते.

म्हणजे माध्यम कामी आले, पण ते आमचे आम्ही चालवतो म्हणून. मुलाने पुण्याहून पाठवलेला व्हिडिओ मी कधीच पूर्ण पाहिलेला नाही. टॉवेलवाला, राग मानू नका.

बाकी आमच्या अडचणी व्हिडिओने सुटणाऱ्या नाहीत. पहाटेची कुत्री. उखडलेल्या फरश्या. एप्रिल-मेमध्ये सात वाजताच ऊन अंगावर येते, पारा ४२-४३ ला जातो. आणि ज्याविषयी कुणी लिहीत नाही ते मी लिहितो: प्रोस्टेटचा त्रास असलेल्या माणसाला तासभर बाहेर राहायचे तर वाटेत मुतारी लागते. आमचा एक मित्र केवळ त्यापायी येईनासा झाला. स्त्रियांचे काय होत असेल ते आपणच समजून घ्या.

कडक_भाकरी | बुधवार, सकाळी ८.००

मास्तर, हे लिहिल्याबद्दल हात जोडते. आई बागेत का येत नाही याचं अर्धं उत्तर हेच होतं. मला वाटायचं ती लाजते.

पापलेट_नको_पिठलं | बुधवार, सकाळी ९.२२

सोलापुरात आणि जिम? चार-पाच दिवसांनी नळ येतो. आला की माझी ६६ वर्षांची काकू पिंप, टाकी, बादल्या, गच्चीवरचं टाकं सगळं दोन तासांत भरते. वजन उचलणं, जिना चढणं, तोल सांभाळणं, फिजिओताईंचे तिन्ही प्रकार एकाच वेळी होतात. आणि ते पाणी कधी येणार हे कशावर कळतं? गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर! "पाणी आलं" एवढे दोन शब्द पडले की अख्खी गल्ली पळते. याच्यापेक्षा परिणामकारक संदेश कुणाला लिहिता येत असेल तर दाखवा.

फिजिओताई | बुधवार, सकाळी ९.३०

हसू नका, त्या बादल्यांनी माझ्याकडे कंबरा पण पाठवल्या आहेत. अर्धी भरा, दोन्ही हातांत एकेक घ्या.

पापलेट_नको_पिठलं | बुधवार, सकाळी ९.३३

काकूला "अर्धी भर" सांगायची माझी हिंमत नाही.

योकोहामाची_सोलापूरकर | बुधवार, संध्याकाळी ६.०५

जपानचा विषय निघालाच आहे तर. इथे पहाटे साडेसहाला रेडिओवर कवायत लागते. पियानो वाजतो, एक माणूस सूचना देतो, दहा मिनिटांत संपतं. १९२८ पासून चालू आहे, युद्धानंतर बंद पडली होती, १९५१ ला परत सुरू झाली. माझ्या घरासमोरच्या बागेत एक आजोबा छोटा रेडिओ घेऊन येतात, कठड्यावर ठेवतात. त्यांच्याभोवती पंधरा-वीस म्हातारी माणसं. सूचना सगळ्यांना पाठ आहेत, रेडिओची तशी गरजच नाही. पण रेडिओ लागला नाही तर कुणी सुरू करत नाही. एकदा सेल संपले होते तर सगळे नुसते उभे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलंही येतात. गळ्यात कार्ड, कवायत झाली की त्यावर शिक्का. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या आजोबांनी मलाही कार्ड दिलं. चाळिशीची बाई मी, शिक्का हुकू नये म्हणून पावसात गेले.

मला वाटतं व्हिडिओची अडचण हीच आहे की तो कधीही बघता येतो. कधीही म्हणजे मग नंतर. रेडिओ थांबत नाही कुणासाठी.

अनघा_के | बुधवार, संध्याकाळी ६.३०

"कधीही म्हणजे मग नंतर." हे लिहून फ्रीजवर चिकटवते.

आकडेमोड | बुधवार, रात्री ८.४५

धाग्याच्या नेमक्या विषयावर एक जुना प्रयोग आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात व्हीलिंग नावाचं गाव आहे. २००१ मध्ये तिथे आठ आठवडे पैसे मोजून जाहिराती केल्या: टीव्ही, रेडिओ, वर्तमानपत्र. रोख ५० ते ६५ वयाच्या, अजिबात न चालणाऱ्या लोकांवर, आणि निरोप एकच, रोज ३० मिनिटं चाला. नंतर लोकांना विचारून न थांबता रस्त्यांवर उभं राहून चालणारी माणसं प्रत्यक्ष मोजली. २३ टक्के वाढली. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गावात वाढली नाहीत.

मला यातलं आवडलं ते हे की त्यांनी दहा गोष्टी सांगितल्या नाहीत. आहार, योग, प्राणायाम, श्वास, काही नाही. आपल्याकडचा एक व्हिडिओ उघडा, पहिल्या तीन मिनिटांत सतरा सल्ले असतात आणि शेवटी एक तेल विकायला असतं.

उंटावरून_शेळ्या | बुधवार, रात्री ९.०२

५० ते ६५ म्हणजे आमच्या वयाचे झाले, अप्पांच्या नव्हे. आणि आठ आठवड्यांनंतर काय? जाहिरात बंद, माणूस परत दिवाणावर.

आकडेमोड | बुधवार, रात्री ९.१०

वयाची शंका रास्त आहे, ७३ ला ते जसंच्या तसं लावू नये. टिकण्याचंही खरं. नुसत्या जाहिरातीने माहिती पोचते, सवय लागायला गावातलं काहीतरी लागतं: गट, जागा, वेळ. मास्तरांचं "निघालो" मला त्यासाठी जाहिरातीपेक्षा भारी वाटतं.

तुळशीमाळ | गुरुवार, सकाळी १०.१८

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असून वारीचं नाव कुणी घेतलं नाही! आळंदीपासून अडीचशे किलोमीटर सत्तरीची माणसं चालत येतात. कुणी व्हिडिओ दाखवून आणलेली नसतात. फिजिओताई तोल म्हणतात ना, मग पाऊल्या बघा. पुढे, मागे, बाजूला, टाळावर, शेजारच्याशी जुळवून. आमच्या भजनी मंडळातल्या बायकांनी मोबाइलवर पाऊल्यांचं चित्रीकरण केलं, नवीन आलेल्या त्यावर बघून घरी सराव करतात. सगळ्यात म्हातारी ७९ ची आहे.

निवृत्त_मास्तर | गुरुवार, सकाळी १०.५०

एक विनंती. भजनाला व्यायाम म्हणू नये. पाऊली ही देवापुढची आहे, मांड्यांसाठी नाही.

तुळशीमाळ | गुरुवार, सकाळी ११.०४

मास्तर, त्या ७९ च्या आजींना हेच विचारलं होतं. म्हणाल्या, "पाय देवानेच दिलेत, त्याच्यापुढे हलवून ठेवले तर त्याला काय वाईट वाटंल?"

फिजिओताई | गुरुवार, सकाळी ११.२०

देवासाठी करा किंवा मांड्यांसाठी, बाजूला टाकलेलं पाऊल तेच. तोल गेला की पटकन बाजूला पाऊल टाकता आलं पाहिजे, नाही तर माणूस पडतो. त्या चित्रीकरणाची लिंक मिळेल का?

पूर्वभागवाला | गुरुवार, रात्री ११.४८

उशिरा आलो, पाळी होती. सगळं वाचलं. टॉवेलवाला, अप्पा जॉबर होते म्हणालास ना, मग इतकं जपान-अमेरिका कशाला फिरालाव बे?

भोंगा.

आमचे वडीलपण मिलमध्येच होते. घड्याळ नव्हतं घरात. पहिला भोंगा झाला की उठायचं, दुसऱ्याला डबा घेऊन निघायचं, तिसऱ्याला फाटकाच्या आत. नाही तर अर्धी हजेरी. त्या एका आवाजावर हजारो माणसं रोज चालत होती. योकोहामावाल्या ताईंचा रेडिओ तसलाच की. मिल गेल्या, भोंगा गेला आणि म्हातारे बसले. वडील गेले त्याला सहा वर्षं झाली, पण शेवटपर्यंत पहिल्या भोंग्याच्या वेळेला जागे व्हायचे. फक्त जागे होऊन करायचं काय ते उरलं नव्हतं.

अप्पांच्या फोनला भोंग्याचा गजर लाव. बघ काय होतं ते.

शेंगाचटणी | गुरुवार, रात्री ११.५५

यावर विनोद सुचत नाहीये.

टॉवेलवाला | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११.३०

सगळ्यांना एकत्रच लिहितो. मध्ये दहा दिवस घरून काम घेऊन सोलापूरला राहिलो.

आधी फिजिओताईंची चाचणी केली. भिंतीला टेकवून लाकडी खुर्ची. अप्पा म्हणाले, "एवढ्याशाला काय लागतं", आणि सात झाल्यावर बसले ते बसलेच. काही बोलले नाहीत. आई स्वयंपाकघरातून बघत होती, तिने न सांगता येऊन स्वतः करून दाखवले, आठ. त्या दिवशी घरात जरा शांतताच होती.

दुसऱ्या दिवशी इंटरनेटवरून एक भोंगा शोधला आणि पहाटे साडेपाचचा गजर म्हणून त्यांच्या फोनवर लावला. वाजला. अप्पा ताडकन उठून बसले (हात न टेकता, मी बघितलं). आणि मला शिव्या. "हा आगबोटीचा भोंगा आहे गाढवा. मिलचा असला नसतो. मिलचा खालून वर चढतो, वर थांबतो, मग उतरतो." मी म्हटलं, मला काय माहीत, तुम्हीच करून दाखवा. त्यांनी तोंडाने करून दाखवला. मी तो फोनमध्ये भरून घेतला. त्यांना परत ऐकवला तर म्हणाले, "दे इकडे, शेवट चुकला."

चार वेळा भरला. मग तो त्यांनी स्वतःच त्यांच्या जुन्या खात्यातल्या दोघांना पाठवला. एकाचं उत्तर आलं, त्यानेपण तोंडाने दुसरा भोंगा करून पाठवला होता! तासभर हे दोघे एकमेकांना भोंगे पाठवत होते आणि कुठला कुठल्या मिलचा यावर भांडत होते. व्यायामाचा एकही व्हिडिओ त्या दिवशी मला आला नाही.

आता रोज पहाटे अप्पा पहिला भोंगा पाठवतात, तो उठायचा. वीस मिनिटांनी दुसरा, तो निघायचा. चारजण संभाजी तलावाच्या कडेला भेटतात (अप्पा अजून कंबर तलावच म्हणतात). तिसरा भोंगा नाही. जो उशिरा येतो त्याने चहा पाजायचा, ती अर्धी हजेरी. चालणं होतं वीस-पंचवीस मिनिटं, बाकीचा वेळ कट्ट्यावर. पुण्यातून मी फक्त ऐकतो, मला पण त्या गटात घेतलंय, बोलायची परवानगी नाही.

सगळं छान झालं असं समजू नका. ओट्याला धरून करायचे प्रकार ते करत नाहीत, "बायकांचं काम" म्हणतात. आई करते. दोन दिवस पाऊस होता, तेव्हा परत दिवाण आणि परत व्हिडिओ, सहा आले. एकदा कुत्रं मागे लागलं, तेव्हापासून काठी नेतात. काठी नको म्हणून आधी महिनाभर वाद घातला होता, तो कुत्र्याने मिटवला. काल परत खुर्ची लावली. नऊ.

उंटावरून, तुमचं "पाहिजे कुणाला" डोक्यात राहिलं होतं. अप्पांना सरळ विचारलं, चालायला का जाता? म्हणाले, "मी नाही गेलो तर भोंगा कोण देणार?"

फिजिओताई | रविवार, दुपारी १२.०५

सातचे नऊ तीन आठवड्यांत, चांगलं आहे. बारा व्हायला हवेत. ओट्याचं मी बघते, त्यांना एकदा दवाखान्यात पाठवा, पुरुष पेशंटांसाठी माझ्याकडे खास वेगळा ओटा आहे म्हणून सांगा.

उंटावरून_शेळ्या | रविवार, दुपारी १२.२०

आई आठ, अप्पा सात. ते शांततेचं कारण कळलं मला. आमच्याकडेही खुर्ची लावून बघितली काल. आकडा सांगत नाही.

पूर्वभागवाला | रविवार, दुपारी १.४०

खालून वर चढतो, वर थांबतो, मग उतरतो. बरोबर आहे बे. अगदी तसाच.

तो आवाज मला पाठवशील का?

टॉवेलवाला | रविवार, दुपारी २.१५

विचारलं. अप्पा म्हणतात, असा वाटायचा नसतो. उद्या दुसऱ्या भोंग्याला तलावावर या म्हणावं.